ऐकून घेण्याचं देणं

ऐकण्याच्या बाबतीत आपल्या भाषेचे हिशेब फार गोंधळाचे आहेत. आपण कान देतो, लक्ष देतो, दाद देतो; आणि एवढं सगळं देऊन झाल्यावर शेवटी ऐकून मात्र घेतो! आता मी पडलो बी. कॉम., त्यात गेली बावीस वर्षं बँकेत कारकून. असला घोळ मला पाहवत नाही. जमाखर्चाच्या पहिल्याच धड्यात आम्हांला शिकवलं होतं की, घेणाऱ्याचं खातं नावे आणि देणाऱ्याचं खातं जमा. मग गाणं ऐकणाऱ्याचं खातं नावे टाकायचं, की जमा धरायचं?

तुम्ही म्हणाल, या गृहस्थाला दुसरा उद्योग दिसत नाही. उद्योग आहे हो. पण दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, आणि रिकामा कारकून तत्त्वज्ञानाकडे वळला तर त्यात ठेवीदारांचं काही नुकसान नसतं. तर प्रश्न असा की, एखादा माणूस आपल्यासमोर बसून जीव ओतून गात किंवा वाजवत असेल, तर आपण त्याचं नक्की काय देणं लागतो? तिकिटाचे पैसे मोजले की खातं बंद? की त्यानंतरही काही बाकी उरते?

व्यापारी उत्तर सोपं आहे. पैसे दिले, माल मिळाला, रामराम. या उत्तराला माझ्या मनात अडवतो तो लग्नातला सनईवाला. आता बऱ्याच कार्यालयांत सनई ध्वनिमुद्रितच असते. तिला मानधन नको आणि जेवणाचं पानही नको. पण खरा सनईवाला तुम्ही पाहिला असेलच. बिचारा सकाळपासून कोपऱ्यात फुंकत बसलेला असतो. त्याच्यासमोर पोरं पळापळी खेळत असतात, कुणाची तरी पर्स हरवलेली असते, आणि मुलीचे काका जिलेबी कमी पडणार ही बातमी सर्वांना गुप्तपणे ओरडून सांगत असतात. सनईवाल्याला ठरलेली रक्कम मिळते, जेवणही मिळतं. हिशेब चुकता. पण अशा वेळी एखादा म्हातारा काठी टेकत त्याच्याजवळ जातो, थोडा वेळ उभा राहतो आणि म्हणतो, "वा! तोडी का?" त्या क्षणी त्या सनईवाल्याचा चेहरा बघावा. वर्षानुवर्षं बुडीत धरलेलं कर्ज कुणीतरी व्याजासकट आणून द्यावं, तसा तो उजळतो. म्हणजे काहीतरी येणं होतं खास. पाकिटात ते नव्हतं.

पण हा प्रश्न माझ्या डोक्यात सनईने घातला नाही. तो घातला न्यूयॉर्कमधल्या एका तळघराने.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. मध्यंतरी त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा स्वातंत्र्यदेवी वगैरे सर्व देवस्थानं दाखवून झाल्यावर तो एका संध्याकाळी म्हणाला, "मामा, तळघरात सव्वा तास गप्प बसशील का?"

मी म्हटलं, "आमची स्ट्राँगरूम तळघरातच आहे. सवय आहे."

त्या जागेचं नाव व्हिलेज व्हॅनगार्ड. ग्रिनिच व्हिलेज या भागात सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवर. मॅक्स गॉर्डन नावाच्या गृहस्थांनी १९३५ सालापासून याच तळघरात ती चालवली. सुरुवातीला तिथे कवी कविता वाचायचे, लोकगीतं व्हायची, विनोदवीर लोकांना हसवायचे. १९५७ च्या सुमारापासून मात्र जॅझचाच संसार. रस्त्यावरून पंधरा पायऱ्या खाली उतरायच्या (मी मोजल्या, मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे). खोली सामोशासारखी तिकोनी आणि निमुळत्या टोकाला मंच. सगळी मिळून १२३ माणसं बसतात. टेबलं इतकी लहान, की त्यांवर एक पेला आणि फार तर एक कोपर मावावं. तिकिटाखेरीज प्रत्येकाने निदान एक पेय घेतलंच पाहिजे असा नियम आहे. मिनिमम बॅलन्सचा प्रकार मी जन्मभर लोकांवर लादत आलो आहे. त्यामुळे मी मुकाट्याने आल्याचा सोडा मागवला. मग सूचना झाली की, वाजवणं चालू असताना बोलू नये, फोन बंद ठेवावेत, फोटो काढू नयेत. आणि गंमत म्हणजे लोकांनी ते ऐकलं!

मंचावर तिघं जण. पियानो, ड्रम आणि डबल बास. डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच सारंगी समजा; फक्त ती मांडीवर घेता येत नसल्यामुळे वाजवणाऱ्यानेच तिच्याजवळ उभं राहायचं. दुसरंच वाजवणं सुरू झालं तसा भाचा कानाशी कुजबुजला, "हा ब्लूज. बारा बारचा." मी बोटांवर मोजू लागलो. एका बारमध्ये चार ठोके. बारा बार म्हणजे अठ्ठेचाळीस. म्हणजे आपल्या तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं! परदेशात गाववाला भेटावा तसं वाटलं.

या तीन आवर्तनांचं रहस्य भाच्याने मला मध्यंतरात सांगितलं. ब्लूज गायला जातो तेव्हा त्यात तीन ओळी असतात. पहिल्या ओळीत गाणारा आपली व्यथा सांगतो. दुसऱ्या ओळीत तीच ओळ पुन्हा सांगतो, जवळजवळ जशीच्या तशी. तिसऱ्या ओळीत तिचा शेवट येतो. आणि प्रत्येक ओळ गाऊन झाली की आवर्तनातला जवळजवळ अर्धा भाग तो गप्प राहतो; तिथे गिटार किंवा पियानो त्याला उत्तर देतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या काळ्या माणसांमधून हे गाणं आलं. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण कायद्याने संपलेल्या गोष्टी किती दिवस चालू राहतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ज्या माणसाचं म्हणणं मालक, फौजदार, न्यायाधीश यांपैकी कुणीच ऐकून घेत नव्हता, त्याने आपली ओळ दोनदा सांगायची सवय लावून घेतली असेल तर मला त्यात नवल वाटत नाही. आणि उत्तर द्यायला कुणी नसेल, म्हणून गाण्याच्या पोटातच ऐकणाऱ्याची जागा राखून ठेवली. आमच्या फॉर्मात "फक्त कार्यालयीन उपयोगासाठी" अशी कोरी चौकट असते ना, तशी.

मग बासवाल्याची पाळी आली. पियानो थांबला, ड्रमवाला ब्रशने नुसतं धान्य पाखडल्यासारखं करू लागला. बासचा आवाज मुळातच खालचा. तो ऐकायचा तर माणसाला स्वतःच्या श्वासाचीही अडचण होते. जॅझच्या जगात एक जुनी थट्टा आहे म्हणे, की बासवाला एकटा वाजवू लागला म्हणजे लोक गप्पांना सुरुवात करतात. इथे कुणी हूं की चूं केलं नाही. सव्वाशे माणसं आणि एक आवाज. आणि नेमक्या त्या वेळी माझ्या पेल्यातला बर्फ आपला आपण वितळून खाली बसला. किण्ण!

तो बर्फ मी मागितला नव्हता. पेयाबरोबर आला होता, आणि पेय नियमाने आलं होतं. तरी पुढच्या टेबलावरच्या बाईंनी मागे वळून त्या पेल्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, पेल्याकडे. या न्यायबुद्धीबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

परत जाताना भाच्याने गाडीत आपल्या फोनला लावलेलं एक बोंडूक माझ्या कानात घातलं. म्हणाला, "आपण बसलो होतो ना, तीच खोली. २५ जून १९६१, रविवार." पियानोवर बिल एव्हान्स, ड्रमवर पॉल मोशन, बासवर स्कॉट लफारो. त्या एका दिवशी दुपारी आणि रात्री मिळून त्यांनी पाच बैठकी वाजवल्या आणि त्या सगळ्या ध्वनिमुद्रित झाल्या. जॅझच्या चाहत्यांत त्या ध्वनिमुद्रिकांना आज पोथीचा मान आहे. मी ऐकू लागलो. संगीत अतिशय नाजूक; आणि त्याच्या मागे पेले किणकिणताहेत, लोक बोलताहेत, कुणीतरी मजेत हसतंय. टाळ्याही बेताच्याच.

लफारो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, तो मोटार अपघातात गेला. त्या तिघांनी एकत्र वाजवलेलं शेवटचं ध्वनिमुद्रण ते हेच.

आता माझ्या नीतिशास्त्राची पंचाईत सुरू झाली. त्या रविवारी जे लोक बोलत होते, ते गुन्हेगार का? त्यांना काय ठाऊक, की हा पोरगा पुन्हा या दोघांबरोबर वाजवणार नाही? हे त्यांच्या बाजूने खरंच आहे. पण कर्जाची नोटीस हातात पडली नाही म्हणून व्याज थांबत नसतं. उलट कुठली बैठक शेवटची ते कधीच कळत नाही, म्हणून तर प्रत्येक बैठकीशी ती तशी असू शकेल असं समजून वागावं, असंही कुणी म्हणेल. मी मात्र तसं म्हणणार नाही. तसं वागू लागलो तर घरात साधं "मीठ दे" म्हणतानाही गळा दाटून येईल.

शिवाय बोलणाऱ्यांचं वकीलपत्र घ्यायचं तर मुद्दे पुष्कळ आहेत. जॅझ काही देवळाच्या गाभाऱ्यात जन्मलं नाही. ते नाचघरांत आणि गुत्त्यांत वाढलं. गोंगाट हीच त्याची हवा. आपल्या मुंबईतसुद्धा ते ताजमहाल हॉटेलात आलं ते जेवणाच्या आणि नाचाच्या सोबतीनेच. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा काळ्या वादकांचा ताफा तिथे वाजवायला आला. त्यानंतर गोव्याच्या मंडळींनी ते संगीत असं उचललं, की पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत निम्मी जान त्यांचीच होती. आंतोनियो झेवियर वाझ हे ट्रम्पेटवादक त्यांतले एक. ते वाजवायचे चिक चॉकलेट या नावाने. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ते वाजवत, आणि १९५१ च्या 'अलबेला'त आपल्या वादकांसकट पडद्यावरही दिसतात. आमच्या वडिलांच्या पिढीने त्या गाण्यांवर टाचा झिजवल्या. पण ट्रम्पेट कोणाचं, हे विचारायला कुणाला उसंत झाली नाही. ऐकलं सगळ्यांनी, ऐकून घेतलं फार थोड्यांनी.

विरुद्ध बाजूला उभे आहेत चार्ल्स मिंगस. हेही बासवालेच! ऑक्टोबर १९६० मध्ये त्यांनी एक तबकडी काढली. ध्वनिमुद्रण स्टुडिओत, समोर श्रोता नाही, टेबल नाही, पेला नाही. तरी वाजवण्याआधी मिंगस त्या नसलेल्या श्रोत्यांना दम भरतात की, टाळ्या वाजवू नका, पेयं मागवू नका आणि गल्ल्याची घंटी वाजू देऊ नका. मला हे ऐकून हसू आलं आणि मग जरा चरकायलाही झालं. समोर माणूसच नाही, तरी त्याच्या गोंगाटाची सवय सुटत नाही, म्हणजे या माणसाने जन्मभर किती पेल्यांशी झुंज घेतली असेल!

गल्ल्याची घंटी मात्र एकदा खरोखर थांबली होती. व्हॅनगार्डपासून चालत जाण्याच्या अंतरावर १९३८ च्या अखेरीस कॅफे सोसायटी नावाचा क्लब निघाला. गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसवणारे क्लब तेव्हा फार थोडे, त्यांतला हा एक. तिथे १९३९ मध्ये बिली हॉलिडे ही गायिका एक गाणं म्हणू लागली. एबल मिरोपोल नावाच्या एका शाळामास्तरने लिहिलेलं. जमावाने ठार करून झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांबद्दलचं. मालकांनी नियम केला की, हे गाणं शेवटी होईल. ते सुरू होण्याआधी वेटरांनी वाढणं थांबवायचं. दिवे घालवायचे, फक्त एक झोत तिच्या चेहऱ्यावर. आणि संपल्यावर "वन्स मोअर" नाही.

या प्रसंगी नीतिशास्त्राला अडचण पडत नाही. त्या गाण्याच्या वेळी कुणी सूप मागवलं असतं, तर ते असभ्य म्हणून सुटलं नसतं; पाप झालं असतं. कारण तिथे ऐकणारा गिऱ्हाईक उरत नाही, साक्षीदार होतो. आणि साक्षीदाराला "मी तिकीट काढलंय" असं म्हणून कोर्टात गप्पा मारता येत नाहीत.

हे कोर्ट मनात आलं आणि माझं अडलेलं गणित एकदम सुटलं. 'दाद' हा शब्द घ्या. गवयाने जागा घेतली की आपण दाद देतो. पण अन्याय झाला की आपण कोर्टात दाद मागतो. हा योगायोग नव्हे. फारसीत दाद म्हणजे न्याय. "वा!" म्हणणारा मैफलीतला रसिक आणि निकाल देणारा न्यायाधीश एकाच दुकानातला माल विकतात. गाणारा आपलं काहीतरी घेऊन आपल्यापुढे येतो आणि दाद मागतो, आणि आपण ती देतो किंवा नाकारतो. न्यायाला जी पहिली गोष्ट लागते तिला कायद्यात सुनावणी म्हणतात, म्हणजे पुन्हा ऐकणंच!

म्हणून मौन ही काही दाद नव्हे. ती नुसती दाद देण्याची पूर्वतयारी. समेवर "क्या बात है" म्हणणारा आवाजच करत असतो. पण तो गाण्याला उद्देशून. काकांचा जिलेबीचा पुकारा सनईला उद्देशून नसतो, एवढाच फरक. आणि खोटी दादही असते. आमच्या सौ.च्या मते वर्तमानपत्रामागून येणारं नवऱ्याचं "हं" हा रबरी शिक्का आहे; तारीख रोज बदलते, मजकूर तोच. एखाद्या "हं"ला तिने "काय सांगितलं मी?" असं विचारलं, की पंचवीस वर्षांची लेखापरीक्षा एका वाक्यात होते.

आता म्हणाल, हे क्लबात ठीक आहे. तिथे एक बोलतो आणि सव्वाशे गप्प बसतात. आमच्या काउंटरवर उलटं आहे. एकाने ऐकायचं आणि सव्वाशे बोलणार. तिथे या दादीचं काय करायचं? या मुद्द्यावर माझं पोट अवलंबून असल्यामुळे मी तो टाळू शकत नाही.

आमची शाखा लहान, त्यामुळे माझ्या टेबलावर एटीएमच्या तक्रारी आणि मयत खातेदारांचे दावे, दोन्ही असतात. दाव्यासाठी येणारं माणूस हातात कागद आणि मनात एक गोष्ट घेऊन येतं. कागद आम्हांला लागतात. मृत्यूचा दाखला, पासबुक, वारसाचं ओळखपत्र, फॉर्म. गोष्ट कुठेच लागत नाही. तिला रकाना नाही.

परवा एक काकू आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दुसरी पिशवी, तीत सगळे कागद. मी फॉर्म पुढे केला.

"सकाळी चहा घेतला हो त्यांनी," काकू म्हणाल्या. "मी विचारलं, अजून अर्धा कप देऊ का?"

मी सही कुठे करायची ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला.

"सकाळी चहा घेतला त्यांनी. मी विचारलं, देऊ का अजून अर्धा कप?"

मी पेन खाली ठेवलं.

"तर काही बोललेच नाहीत."

ही ओळ संपल्यावर जी जागा कोरी राहते तिथे उत्तर द्यायचं असतं, एवढं त्या तळघराने मला शिकवलं होतं. मी विचारलं, "साखर घालून घ्यायचे?"

"दोन चमचे," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनी बंद केली होती. तरी दोन." आणि मग चष्मा लावून त्यांनी सही केली. सुवाच्य, सरळ.

मी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. पुरतं मिनिटही गेलं नव्हतं. अठ्ठेचाळीस ठोके बेताच्या चालीत वाजवले तर अर्धं मिनिट होतं, अगदी सावकाश वाजवले तर पाऊण. जगातल्या एवढ्या छळलेल्या माणसांनी आपलं दुःख सांगायला जे माप ठरवलं, ते इतकं आटोपशीर आहे! आपण उगाच घाबरतो की, एकदा ऐकायला बसलो तर माणूस दिवसभर सोडणार नाही. माझा अनुभव असा की, दिवसभर तोच बोलतो ज्याला तिसऱ्या ओळीपर्यंत कुणी जाऊ दिलेलं नसतं. पहिल्या दोन ओळींतच आपण "फॉर्म भरा" म्हणतो, आणि त्या बिचाऱ्याला पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागते. रांगेतल्या माणसांचंही आपण देणं लागतो, हे मला मान्य आहे. पण रांग अर्ध्या मिनिटाने बुडत नाही. सर्व्हर बंद पडतो तेव्हा ती दोन दोन तास तग धरते.

रांगेचं मत अर्थात वेगळं होतं. काकू उठल्या आणि मागचे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "इथे चहाच्या गप्पा चालल्यात, आणि आम्ही उभे!" मग खुर्ची ओढून बसले.

"तुमच्या मशीननं माझं कार्ड गिळलं."

मी तक्रारीचा फॉर्म काढला.

"अहो, मी काय म्हणतोय? तुमच्या मशीननं माझं कार्ड गिळलं!"

मी फॉर्म बाजूला सारला आणि त्यांच्याकडे पाहिलं. तिसरी ओळ अजून यायची होती.